कागद कुणाला हवाय? डिप्लोमावाल्या भाच्याचा एक निर्णय

२०२३ च्या एप्रिलमधल्या एका रविवारी भाचा दुपारी जेवायला आला आणि हात धुऊन झाल्याबरोबर त्याने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक होता हिंजवडीत तो जिथे काम करत होता त्या कंपनीच्या एचआरकडून आलेल्या मेलचा प्रिंट. दुसरं एका क्लासचं माहितीपत्रक. सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं), एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं) आणि लिनक्स, तिन्ही सर्टिफिकेशन्स सहा महिन्यांत, नोकरीच्या हमीसह. फी ८५,००० रुपये, पण आजच पाच हजार भरले तर दहा हजारांची सूट. ही सूट संध्याकाळी सहापर्यंतच होती. "मामा, सहाच्या आत काय ते सांगा," म्हणाला.

पाच हजार भरायचे नाहीत, एवढंच त्या दिवशी ठरलं. बाकीचं ठरायला सात आठवडे गेले. मी पुण्यात सर्व्हर आणि नेटवर्कच्या कामात अठरा वर्षं आहे, मुलाखती घेतो, आणि "डिग्री करू की सर्टिफिकेशन?" हा प्रश्न घेऊन येणारी पोरं महिन्याला एक तरी भेटतात. त्या सगळ्यांना मी पूर्वी एकच साचेबंद उत्तर द्यायचो. भाच्याच्या वेळी ते उत्तर तपासावं लागलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. आकडे त्याचेच आहेत, त्याला विचारून दिले आहेत.

मुलगा कुठे उभा होता

वय २२. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून संगणक अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा डिप्लोमा, पास २०२०. तेव्हाच थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता आलं असतं, गुणही होते. पण दाजी राहुरीकडे साखर कारखान्यात हंगामी कामगार. हंगाम संपला की पगार थांबतो, आणि त्या वर्षी तर कोविड होता. मुलगा पुण्याला आला आणि २०२१ च्या सुरुवातीला डेस्कटॉप सपोर्टला लागला. थर्ड पार्टी पेरोल, म्हणजे बसायचं मोठ्या कंपनीत, पगार देणार मनुष्यबळ पुरवणारी भलतीच कंपनी. हातात १९,५०० रुपये. थेरगावात चौघांत एक खोली, डबा, पेट्रोल, आणि घरी पाच हजार.

काम एल वनचं, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीचं: लॅपटॉप तयार करून देणं, पासवर्ड रीसेट, प्रिंटर, मीटिंग रूममधला प्रोजेक्टर. पण वर्षभरापासून तो सर्व्हर रूममध्ये रमायला लागला होता. रात्रीचे बॅकअप नीट झाले का ते बघायचा, पॅचिंगच्या (सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याच्या) शनिवारी स्वतःहून थांबायचा, मॉनिटरिंगचं एक लिनक्स मशीन त्याच्याच हवाली होतं. तिथल्या इन्फ्रा मॅनेजरने हे पाहिलं, आणि वरच्या पायरीची, एल टूची जागा निघाली तेव्हा याला ऑन रोल, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पगारावर, घेण्यासाठी नाव पुढे पाठवलं.

एचआरचं उत्तर दोन ओळींचं होतं. या पदासाठी किमान पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. डिप्लोमाधारकाचा विचार करता येणार नाही.

भाच्याचा निष्कर्ष तयार होता. डिग्रीला तीन वर्षं लागतील, सर्टिफिकेशन सहा महिन्यांत होईल, मग सर्टिफिकेशनच. त्याने मोबाइलवर पोस्ट दाखवल्या: अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांनी पदवीची अट काढली, मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांसाठी ती काढली. बातम्या खऱ्या होत्या. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांचा अमेरिकेतल्या भरतीवरचा अहवाल आला, त्यात दिसलं की अट काढल्याचा फायदा प्रत्यक्षात ७०० नेमणुकांमागे एकालाही धड झालेला नव्हता. पण तेव्हा तो अहवाल नव्हता, आणि असता तरी थेरगावच्या खोलीतल्या मुलाला त्याने काय समजावलं असतं? त्याला नकार मिळाला होता तो हिंजवडीत.

माझं पहिलं मत चुकलं

मीही त्याला आधी हेच म्हणालो होतो, "क्लास नको, पण सर्टिफिकेशन कर. काम येणाऱ्याला डिग्री कोण विचारतो?" हे मी मनापासून बोललो होतो. गेल्या काही वर्षांत मी निवडलेल्या पोरांना मी पदवी विचारल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सहज आमच्याच भरतीचं पोर्टल उघडून बघितलं. अर्जात ‘सर्वोच्च शिक्षण’ असा रकाना आहे. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते, आणि ती यादी सुरूच होते पदवीपासून. डिप्लोमा हा पर्यायच नाही. भाच्यासारखा मुलगा तिथे अर्ज भरायला बसला तर त्याच रकान्याशी अडकून राहील. मी पदवी विचारत नव्हतो, कारण माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाची ती माझ्या आधीच कुणीतरी विचारून झालेली होती. चाळणीच्या खालच्या बाजूला बसून मी ‘चाळणी नाहीच’ म्हणत होतो. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलाला "डिग्री कोण विचारतो" हे वाक्य ऐकवलेलं नाही.

मग आम्ही प्रश्नच बदलला. डिग्री मोठी की सर्टिफिकेशन, हे बाजूला ठेवलं. कागद कुणाला हवाय आणि कशासाठी, हे शोधायचं ठरवलं. भाच्याने तीन आठवडे नोकरीच्या जाहिराती वाचल्या, मी ओळखीच्या लोकांना फोन केले.

कुणाला कोणता कागद लागतो

मोठ्या सेवा कंपन्यांत पदवीची अट बहुधा तंत्राच्या माणसाने घातलेली नसते. ती वेतनश्रेणीच्या रचनेत असते, क्लायंटशी झालेल्या करारात असते: अमुक दराने दिलेला माणूस पदवीधर आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाचा असेल. मॅनेजरला वाटलं म्हणून ती मोडत नाही. भाच्याच्या मॅनेजरने दोनदा पत्र लिहिलं, दोनदा तेच उत्तर आलं. तो मॅनेजर भला माणूस, त्याच्या हातात नव्हतं.

सरकारी निविदांत तर हे आकड्यांत मांडलेलं असतं. डेटा सेंटर चालवण्याच्या किंवा नेटवर्क उभारण्याच्या निविदेत कोणत्या पदावरच्या माणसाचं शिक्षण काय आणि प्रमाणपत्रं कोणती, हे लिहिलेलं असतं आणि अनेकदा त्याला गुण असतात. तिथे डिग्री आणि सर्टिफिकेशन शेजारी शेजारी उभी असतात, एक दुसरीची जागा घेत नाही.

बँकांचं आणखी वेगळं. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या आयटी अधिकारी पदाला चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा संगणक क्षेत्रातली पदव्युत्तर पदवी लागते. साधा पदवीधर असेल तर सोबत डोएक या सरकारी संस्थेची ‘बी’ लेव्हल ही संगणकाची परीक्षा पास हवी. जगातली सगळी सर्टिफिकेशन्स जोडली तरी हा अर्ज भरता येत नाही.

आता उलट बाजू, आणि ही मला स्वतःलाही इतकी स्पष्ट माहीत नव्हती. सिस्को, रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, एडब्ल्यूएस या कंपन्या आपला माल आणि सेवा भागीदार कंपन्यांमार्फत विकतात. भागीदाराला वरचा दर्जा हवा असेल तर त्याच्याकडे ठराविक संख्येने प्रमाणित माणसं असावी लागतात. एडब्ल्यूएसच्या भागीदारांत सिलेक्ट, ॲडव्हान्स्ड, प्रीमियर अशा पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीला जास्त प्रमाणित माणसं लागतात. म्हणजे अशा कंपनीसाठी तुमचं सर्टिफिकेशन हा तिच्या धंद्याचा कच्चा माल असतो. एक माणूस सोडून गेला आणि संख्या कमी झाली की त्यांना घाई होते. पुण्यात चाळीस-पन्नास माणसांच्या अशा कंपन्या आहेत: बाणेरला, कोथरूडला, भोसरीला. त्यांच्या जाहिरातींत पदवी लिहिलेली असते, पण फोन केला तर मालक किंवा तांत्रिक प्रमुख स्वतः बोलतो. भाच्याने अशा अकरा ठिकाणी फोन केले. सात जणांनी डिप्लोमा चालेल सांगितलं, सातही जणांनी पुढचा प्रश्न एकच विचारला: "सर्टिफाइड आहेस का?"

हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. हिंजवडीचं दार बंद होतं ते पदवीसाठी. बाणेरचं दार बंद होतं ते सर्टिफिकेशनसाठी. आणि क्लासचं पत्रक दोन्ही दारांना एकच किल्ली विकत होतं.

एक तिसरं दारही होतं, ते ताईने दाखवलं. मे महिन्यात ती पुण्याला आली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. "बीईच कर म्हणावं त्याला. दोन वर्षांनी स्थळं बघायची. बायोडेटात डिप्लोमा लिहिलं की समोरचे पुढं विचारीत नाहीत." भाचा चिडला. मी नाही चिडलो. घरात पहिला पदवीधर असणं, लग्नाच्या बैठकीत ते सांगता येणं, हे ताईला हवं होतं आणि त्यात खोटं काही नाही. कागद हवा असणाऱ्यांच्या यादीत तिचंही नाव लिहिलं. दाजी एवढंच बोलले, "त्याचे पाच हजार बंद झाले तरी चालंल, पण कर्ज नको."

हिशेब

थेट दुसऱ्या वर्षाचं इंजिनिअरिंग आधी मांडलं, कारण ताईच्या मनात ते होतं आणि माझ्याही. तीन वर्षं पूर्णवेळ. सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीतून खासगी कॉलेज मिळालं तर शिकवणी शुल्क वर्षाला लाखाच्या आसपास धरलं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असल्याने, निम्मं माफ. इतर शुल्क धरून वर्षाला ६५ हजार, तीन वर्षांचे साधारण दोन लाख. राहणं-जेवण दोन्हीकडे सारखंच म्हणून धरलं नाही. पण पगार गेला: १९,५०० गुणिले ३६ म्हणजे ७,०२,०००. एकूण नऊ लाख, आणि तीन वर्षं घरी पाच हजार नाहीत. शैक्षणिक कर्जाशिवाय ते होत नव्हतं, आणि दाजींनी तेच नको म्हटलं होतं.

क्लास आणि सर्टिफिकेशन. पत्रकातल्या ८५ हजारांत परीक्षेचं शुल्क नव्हतं, हे बारीक अक्षरातसुद्धा लिहिलेलं नव्हतं, फोनवर विचारल्यावर कळलं. सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलरची. तेव्हाच्या ८२ रुपयांच्या दराने २४,६०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९ हजार. एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलर, म्हणजे साडेचौदा हजार. लिनक्सची परीक्षा वेगळी. सगळं मिळून दीड लाखाकडे जात होतं, आणि प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत तीनच वर्षं. ‘नोकरीची हमी’ म्हणजे काय, हेही विचारलं. तीन मुलाखती देणार, बस.

मुक्त विद्यापीठाची बीसीए. तीन वर्षं, नोकरी सांभाळून. शुल्क इंजिनिअरिंगच्या तुलनेत किरकोळ, त्याच्या पगारातून भागणारं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, दोन्ही पाहिलं. मान्यतेबद्दल भाच्याला शंका होती, आणि ती रास्त होती. अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१७ चा निकाल आहे, अनेकांच्या पदव्या त्यात गेल्या. पण बीसीएची गोष्ट निराळी. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं होतं. तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, एवढं बघायचं. ते बघितलं, आणि डिप्लोमाच्या आधारावर प्रवेश मिळेल का हेही पैसे भरण्याआधी विचारून घेतलं.

या सात आठवड्यांत खोलीवरच्या एका मित्राने आणखी एक मार्ग आणला होता. साठ हजारांत ‘वन सिटिंग’ पदवी, मागच्या वर्षांच्या गुणपत्रिकांसह, परराज्यातल्या विद्यापीठाची. भाच्याने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. कंपनीत रुजू झाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, विद्यापीठाकडून लेखी पडताळणी येते, आणि खोटं निघालं तर नोकरी जाते. पुढच्या कंपनीत दाखवायला जुन्या कंपनीकडून अनुभवपत्रही मिळत नाही. शिवाय हा तर गुन्हाच आहे. भाचा स्वतःही तयार नव्हता, फक्त विचारत होता. पण साठ हजार घेऊन विचारणारी आणि मामा नसणारी किती पोरं असतील, याने मला त्या रात्री झोप लागली नाही.

काय ठरलं

जुलै २०२३ च्या सत्राला इग्नूची बीसीए. आणि सर्टिफिकेशन तीन नाही, एकच: रेड हॅटचं आरएचसीएसए, म्हणजे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचं.

एकच का, तर त्याच्याकडे रोजचे दोन तास होते आणि ते बीसीएबरोबर वाटायचे होते. आणि आरएचसीएसएच का, यावर आमचा बराच वाद झाला. सीसीएनएचं नाव गावोगाव माहीत आहे, जाहिरातींत ते जास्त दिसतं. मी लिनक्सच्या बाजूने होतो, कारण त्याच्या हातात आधीच एक लिनक्स मशीन होतं, आवड तिथेच होती, आणि त्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न नसतात. समोर चालू यंत्रं देतात. विसरलेला रूट (मुख्य खात्याचा) पासवर्ड बदला, डिस्कचा लॉजिकल व्हॉल्यूम वाढवा, सेवा सुरू करा, एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा बंद न करता वेब सर्व्हर चालवा. ३०० पैकी २१० गुण हवेत, आणि तुम्ही केलेलं सगळं मशीन रीबूट झाल्यावर टिकलेलं असलं पाहिजे. नाही टिकलं तर ते केलंच नाही असं धरतात.

हे महत्त्वाचं आहे, कारण बहुपर्यायी परीक्षांच्या ‘डंप’चा बाजार मी मुलाखतीत रोज बघतो. फुटलेले प्रश्न पाठ करून आलेला एक उमेदवार माझ्यासमोर बसला होता. बायोडेटावर तीन प्रमाणपत्रं. मी विचारलं, स्लॅश २६ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या तुकड्यात) किती यंत्रांना पत्ते देता येतील? बासष्ट, हे बोटांवर काढता येतं. त्याला येत नव्हतं. मुलगा वाईट नव्हता, क्लासने त्याच्याकडून पैसे घेऊन त्याला पाठांतर दिलं होतं. मला त्याला नाही म्हणताना जड गेलं.

सरावाचा खर्च जवळजवळ शून्य आला. रेड हॅट विकासकांसाठीची वैयक्तिक सदस्यता विनामूल्य देते, २०२१ पासून तीत सोळा यंत्रांपर्यंत परवानगी आहे. माझा एक जुना लॅपटॉप होता, त्यात रॅम वाढवून दिली. क्लासच्या ८५ हजारांच्या जागी साडेतीन हजारांची रॅम आणि परीक्षेचं शुल्क.

पुढची अडीच वर्षं

पहिल्या प्रयत्नात तो नापास झाला. नोव्हेंबर २०२३. डिस्क कायमची जोडण्यासाठी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये ओळ लिहावी लागते, तिच्यात एक अक्षर चुकलं. रीबूट केल्यावर यंत्र उठलंच नाही, इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबलं. तिथून दुरुस्त करता येतं, त्याला येतही होतं, पण हात थरथरायला लागले आणि वेळ गेला. शुल्क बुडालं. तो पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, आणि डिसेंबरात इग्नूची पहिल्या सत्राची परीक्षा डोक्यावर होती. ती त्याने दिली. गणित राहिलं, बाकी विषय सुटले.

मग त्याने एक गोष्ट केली जी मी त्याला सांगितली नव्हती. रोज रात्री झोपण्याआधी स्वतःचं यंत्र मुद्दाम बिघडवायचा आणि सकाळी कामावर जाण्याआधी दुरुस्त करायचा. एफएसटॅब बिघडव, बूट बिघडव, डिस्क गच्च भरून ठेव. फेब्रुवारी २०२४ मध्ये पास झाला, २७१ गुण.

एप्रिलमध्ये बाणेरच्या एका भागीदार कंपनीत मुलाखत झाली. तांत्रिक प्रमुखाने विचारलं, "सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरलेली दिसते, पण सगळ्या फाइलींची बेरीज केली तर निम्मीच येते. बाकीची जागा कुठे गेली?" भाच्याने हे स्वतःच्या लॅपटॉपवर घडवून पाहिलेलं होतं. चालू असलेल्या प्रक्रियेची लॉग फाइल कुणीतरी पुसून टाकली की नाव जातं, पण प्रक्रियेने ती उघडी धरून ठेवलेली असते, म्हणून जागा सुटत नाही. एलएसओएफ या कमांडने ती प्रक्रिया शोधायची, सेवा पुन्हा सुरू करायची. हे सांगून तो पुढे म्हणाला, आणि जागा असूनही डिस्क भरली म्हणत असेल तर आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले का तेही बघेन. तिथेच निवड झाल्याचं त्याला कळलं. हातात ३४,००० रुपये, लिनक्स ॲडमिन, ऑन रोल. पदवीचा विषय निघाला, त्याने ‘बीसीए दुसरं वर्ष सुरू होतंय’ सांगितलं, समोरून फक्त मान हलली.

हिंजवडीची ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्याचं त्याला आजही थोडं लागतं.

बीसीए मात्र सोपी गेली नाही, आणि मुक्त विद्यापीठाची पदवी म्हणजे घरबसल्या मिळते असं समजणाऱ्यांनी हे वाचावं. असाइनमेंट वेळेत दिल्या नाहीत तर पंचाईत. प्रॅक्टिकलला अभ्यास केंद्रावर हजेरी लागते, त्यासाठी त्याने सलग रविवार दिले. ऑन कॉल असताना लॅबमधून बाहेर येऊन फोन घेतले. गणिताचा पेपर तिसऱ्या प्रयत्नात सुटला. शिकवणारं कुणी समोर नसतं, कॉलेजचं मित्रमंडळ नसतं. डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकांनी त्याला कामात खरोखर मदत केली, काही विषय मात्र फक्त पास होण्यासाठी वाचले.

आणि काही दारं अजूनही बंद आहेत. बीसीएवर बँकेचा आयटी अधिकारी होता येणार नाही, त्यासाठी एमसीए किंवा ती ‘बी’ लेव्हल करावी लागेल. अमेरिकेच्या एच वन बी व्हिसाला तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं. कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे तीन वर्षांचा संबंधित अनुभव धरतात, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीवर बराच काळ थांबावं लागतं. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या लोकांना पदवीशिवायही ब्लू कार्डचा (तिथे राहून काम करण्याच्या परवान्याचा) मार्ग खुला केला, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या तोडीचा अनुभव आणि ठरलेल्या पगाराची नोकरी असेल तर. भाच्याने हे कापून ठेवलंय. ताईला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही ठरवलं तेव्हा हाती नसलेला एक पर्याय आता आहे, तो मुद्दाम नोंदवतो. २०२३-२४ पासून तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणाऱ्या इंजिनिअरिंग पदवीला परवानगी दिली. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी वर्ग, नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठराविक अंतरात आणि किमान वर्षाचा अनुभव. आज तोच मुलगा तेच दोन कागद घेऊन आला असता, तर मी बीसीएच्या आधी त्याला जवळच्या अशा कॉलेजची चौकशी करायला पाठवलं असतं. डिप्लोमाचं एक वर्ष तिथे धरलं जातं, बीसीएत त्याला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली. ताईच्या मनातलं बीईही झालं असतं. शुल्क जास्त, शिफ्टची अडचण होती, तरीही.

आता तो शेवटच्या वर्षाला आहे. शेवटची परीक्षा जून २०२६ मध्ये, आरएचसीएसएची मुदत संपते फेब्रुवारी २०२७ मध्ये. त्याच्या आत आरएचसीई हे वरचं सर्टिफिकेशन काढलं तर खालचंही लांबतं, आणि कंपनीने त्याचं शुल्क भरायचं कबूल केलंय. त्यांना वरच्या दर्जासाठी आणखी एक माणूस हवा आहे. ती परीक्षा अँसिबल या साधनावर असते, त्याने एकाच वेळी अनेक सर्व्हर बिघडवता आणि दुरुस्त करता येतात. गेल्या रविवारी मी त्याला दिलेला जुना लॅपटॉप परत मागितला, माझ्या मुलीला हवा होता. म्हणाला, "मामा, जूनपर्यंत थांबा. त्यात पाच यंत्रं चालू आहेत."